पुन्हा पहिल्यापासून

शटर मी अर्धंच वर केलं होतं. पूर्ण उघडलं असतं तर गल्लीला वाटलं असतं, आमचं, शेटेंचं दुकान परत सुरू झालं.

"अहो, वाका जरा," असं म्हणत मी यांना दंडाला धरून आत घेतलं. उजवा पाय अजून फरशीला घासायचा. खुर्चीवर सात महिन्यांची धूळ साचली होती. ती पदराने झटकली आणि यांना बसवलं. डावा हात यांनी टेबलावरून सावकाश फिरवला. खूप दिवसांनी घरी आल्यावर माणूस भिंतीला हात लावतो तसा.

"बघू," हे म्हणाले.

अर्धांगाचा झटका आल्यापासून यांच्याजवळ तेवढा एकच शब्द उरला होता. बार्शीत बावीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलं. आधी रेडिओ-टीव्ही, मग कॉम्प्युटर. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे आधी 'बघू' म्हणायचे आणि मग वस्तू हातात घ्यायचे. झटक्याने बाकीचे सगळे शब्द नेले आणि हा ठेवला. भूक लागली तरी बघू, राग आला तरी बघू. 'यांना समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत,' असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी मान हलवली होती. पण दिवसभर बघू-बघू ऐकणाऱ्या बाईला समजतं-बिमजतं हे खरं वाटत नाही.

तेवढ्यात चन्नवीरभाऊजींचा फोन आला. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर.

"वहिनी, चार वाजता लोखंडेंना घेऊन येतो. मोबाइलची कव्हरं वगैरे विकणार आहेत ते इथं. सामानाची यादी तेवढी करून ठेवा."

"चालेल."

"दादाची हरकत नाही ना? परत एकदा विचारतो, मागनं घोळ नको."

"नाही, नाही. विचारलंय मी त्यांना."

फोन ठेवला आणि वही काढून फळ्यांवरच्या वस्तू लिहायला बसले. कीबोर्ड सहा. वायरींचे गठ्ठे. बंद पडलेले मॉनिटर. निम्म्या वस्तूंची नावं मला येत नव्हती, तिथं 'काळा डबा, छोटा' असं लिहीत होते. हे माझ्याकडे बघत बसले होते.

"काका आहेत का?"

शटरखालून वाकून एक बाई आत आल्या. पस्तिशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर घाम. रेहाना तांबोळी, मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेतल्या बाई. त्यांचं मशीन याआधी दोनतीनदा दुकानात येऊन गेलं होतं, म्हणून चेहरा माझ्या ओळखीचा होता.

"दुकान बंद आहे हो बाई," मी उठत म्हणाले. "यांना झटका आला श्रावणात. बोलता येत नाही. आता दुकानच देऊन टाकतोय."

बाई जागच्या जागी थांबल्या. मग माझ्याशी न बोलता सरळ यांच्यासमोर गेल्या, स्टूल ओढून बसल्या आणि यांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "काका, मला माहीतच नव्हतं. कसे आहात?"

"बरे आहेत आता. जेवण जातंय," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या आणि पुन्हा यांच्याकडे वळल्या. यांच्या उत्तराची वाट बघत राहिल्या. बराच वेळ गेला. मलाच अवघडल्यासारखं झालं.

"बघू," शेवटी हे म्हणाले आणि पिशवीकडे बोट केलं.

बाईंनी लॅपटॉप काढला. जुना, काळा, विटेसारखा जड. एका कोपऱ्याचा टवका उडालेला. "सकाळपासून हे असं चाललंय बघा," म्हणत त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला, आत पंखा घुरघुरला, कंपनीचं नाव आलं, खाली ठिपक्यांचं कडं फिरायला लागलं. एक फेरा, दुसरा फेरा, आणि पडदा काळा. मग पुन्हा दिवा, पंखा, नाव, ठिपके. पुन्हा काळा.

"सुरू होतो आणि परत पहिल्यापासून. स्टँडसमोरच्या दुकानात दाखवला. ते म्हणाले, फॉरमॅट मारावा लागेल, आतलं सगळं जाईल. तिथनं उठून आले मी." बाईंचा आवाज खाली आला. "काका, यात मुलांचे व्हिडिओ आहेत. दोन वर्षांचे."

"शाळेतले कार्यक्रम का?" मी विचारलं.

"नाही. मुलांच्या खुणा. काही खुणा पुस्तकात असतात, पण कितीतरी मुलांच्या स्वतःच्या असतात. कोणी आजीसाठी केलेली, कोणी आपल्या म्हशीसाठी. त्या मुलांनीच करून दाखवल्यात, मी अर्थ सांगितलाय. उद्या पालकांचा मेळावा आहे. परंडा, करमाळा, भूम, लांबलांबून लोक येतात. काहींना स्वतःच्या लेकराशी दोन गोष्टी बोलता येत नाहीत. ते बघून शिकतात. दुसरीकडे उतरवून ठेवायचं राहून गेलं. चूक माझीच."

मला वाईट वाटलं, पण मी काय करणार? "बाई, यांच्याच्यानं आता होत नाही हो. उगीच यांनाही त्रास—"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत यांनी डाव्या हाताने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, मिटला, उलटा केला आणि पाठीवरच्या एका खटक्यावर बोट आपटायला लागले.

"नको म्हणतायत," मी म्हणाले. "बाजूला घ्या म्हणतायत."

"बघू!" हे ओरडले.

"काकू, थांबा," बाई हळूच म्हणाल्या. "आपण त्यांनाच विचारू. काका, 'हो' असेल तर टेबलावर एकदा बोट वाजवा. 'नाही' असेल तर हात असा आडवा फिरवा. जमेल?"

हे बाईंकडे बघत राहिले. मग बोट वाजलं. टक्.

"बॅटरी काढायची का?"

टक्.

खटका सरकवून बाईंनी बॅटरी बाहेर काढली. यांनी सुरू करायचं बटण दाबून धरलं आणि मनातल्या मनात काही मोजल्यासारखं करत बराच वेळ बोट उचललं नाही. मग चार्जरच्या वायरीकडे बोट केलं. नुसत्या वायरीवर लॅपटॉप सुरू केला. दिवा, पंखा, नाव, ठिपके, काळा.

"गेलं," मी म्हणाले.

यांनी हात आडवा फिरवला. नाही.

मग यांनी कीबोर्डच्या वरच्या रांगेतल्या एका कळीवर बोट ठेवलं आणि मला बटण दाबायची खूण केली. मी दाबलं. हे ती कळ टकटक टकटक वाजवत राहिले. या खेपेला ठिपके आलेच नाहीत. निळा पडदा आला, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी. हे खुर्चीत मागे टेकले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

यांनी हाताचा पंजा उभा धरला. थांब.

दहा मिनिटं झाली. निळा पडदा तसाच. गेला नाही, काळा झाला नाही. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला नव्हता. नंतर पुष्कळ मशीनं उघडली तेव्हा कळलं, हे काय तपासत होते ते. निळ्या पडद्यावर मशीन इतका वेळ टिकतंय म्हणजे ते तापून किंवा वीज कमी पडून बंद होत नाहीये. दुखणं पुढं कुठंतरी आहे. त्या दिवशी एवढंच दिसलं की, सात महिन्यांनी यांच्या कपाळावरची ती जुनी उभी आठी परत आली होती. टीव्ही उघडला की पडायची तीच.

"बघू," हे म्हणाले. हा बघू निराळा होता.

यांनी मशीन बंद केलं, वायर उपटली आणि खणातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. लॅपटॉपच्या पाठीवर एका छोट्या झाकणाला एक स्क्रू होता. डाव्या हाताने टोक खाचेत बसेना. तीनदा घसरलं. चौथ्यांदा यांनी तो स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला.

"मी? अहो, मला काय येतंय त्यातलं? काही मोडलं-बिडलं तर बाईंच्या मुलांचं सगळं—"

हात तसाच पुढे.

"काकू, तुम्ही फॉल-बिडिंग करता ना?" बाई म्हणाल्या. "माझ्या दोन साड्या तुम्हीच केल्यात. त्या टाक्यांपुढं हे काय आहे?"

मी स्क्रूड्रायव्हर घेतला. यांनी लगेच माझं मनगट पकडलं आणि हात बाजूच्या लोखंडी कपाटाकडे ओढला. तोल गेला असं वाटून मी यांनाच सावरायला धावले. यांनी रागाने मान झटकली, माझा तळवा कपाटाला टेकवला, क्षणभर तसाच दाबून धरला आणि मग सोडला.

"अंगातली वीज उतरवायला असेल," बाई म्हणाल्या. "हो ना काका?"

टक्.

स्क्रू निघाला, झाकण निघालं. आत मेमरीच्या, बोटभर लांबीच्या दोन हिरव्या पट्ट्या एकीवर एक बसवलेल्या होत्या. यांनी दाखवलं तसं बाजूचे चिमटे नखाने बाहेर दाबले, तर वरची पट्टी टणकन तिरकी उभी राहिली. मी दचकले. हे हसले. तोंडाची डावी बाजूच हसली, पण हसले.

दोन्ही पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांच्या कडेला सोनेरी दातांची ओळ होती, मधेमधे काळपटलेली. हे त्या दातांकडे बोट करायचे, मग हवेत काहीतरी घासायचे, मग खणाकडे बोट.

"गोळी पाहिजे? तीनची गोळी राहिली का?" मी पिशवीतून गोळी काढली.

हात आडवा.

"पाणी? पाय दुखतोय का? बाहेर जायचंय?"

आडवा, आडवा, आडवा. यांचा चेहरा लाल झाला. "बघू! बघू! बघू!" म्हणत यांनी टेबलावर मूठ आपटली, तशा त्या पट्ट्या उडाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी रोज हेच व्हायचं. मी एकामागून एक विचारत सुटायची, हे चिडायचे, मग मी ताट पुढ्यात ठेवून आत निघून जायची.

बाई मांडीवर हात ठेवून, यांच्या चेहऱ्याकडे बघत नुसत्या बसून राहिल्या. घाई नाही, कीव नाही. शाळेत त्या अशाच बसत असणार. हळूहळू यांचा श्वास खाली आला. नजर इकडंतिकडं फिरली आणि माझ्या वहीवरच्या पेन्सिलीवर थांबली. ती यांनी उचलली.

"लिहायचंय?" मी वही पुढे केली. तोंडातून निघून गेलं. झटक्यानंतर लिहिता तर यांना येतच नव्हतं.

यांनी वही सरकवून दिली. पेन्सिल बोटांत उलटी केली. मागच्या टोकाला गुलाबी खोडरबर होता. पट्टी टेबलावर दाबून धरायला उजवा हात चालत नव्हता, म्हणून हनुवटीनेच मला खूण केली. मी पट्टी धरली. यांनी खोडरबर त्या सोनेरी दातांवर घासला. एकदा, दोनदा. काळपट डाग निघाला आणि दात लखलखले.

"खोडरबर!" बाई आणि मी एकदम ओरडलो.

टक्. टक्. टक्. बोट थांबेचना.

मग मीच दोन्ही पट्ट्या घासल्या, फुंकर मारली, परत बसवल्या, वायर जोडली. बटण दाबलं. दिवा, पंखा, नाव, ठिपके.

काळा.

बाईंनी डोळे मिटून घेतले. यांना मात्र काहीच वाटलेलं दिसलं नाही. यांनी एक बोट वर केलं, मग वरच्या पट्टीकडे दाखवलं आणि चिमटीने उचलून बाजूला ठेवल्याची खूण केली.

"ही काढायची? एकीवरच चालवायचं?" मी विचारलं आणि गप्प बसले. पुढचा प्रश्न जिभेवर आला होता, तो गिळला.

टक्.

वरची काढली. सुरू केलं. पुन्हा काळा. मग खालचीही काढून त्या जागी वरची बसवली. आता मला कोणी सांगावं लागलं नाही. चिमटे कसे दाबायचे, पट्टी कशी तिरकी सरकवायची, बोटांना कळलं होतं. बटण दाबलं.

दिवा. पंखा. नाव. ठिपक्यांचा एक फेरा, दुसरा, तिसरा. चौथा.

पडद्यावर फोटो आला. शाळेच्या पायऱ्यांवर बसलेली तीसएक मुलं, सगळ्यांचे हात वर.

रेहानाबाई रडल्या. मोठ्याने नाही, ओढणीत तोंड घालून. यांनी त्यांना फार वेळ रडू दिलं नाही. टेबलावर थापटून फळीवरच्या पेनड्राइव्हच्या पाकिटाकडे बोट केलं. आधी उतरवून घ्या, बिघडलेल्या पट्टीचं नंतर. तेवढं तर मलाही समजलं.

फायली उतरायला वेळ लागत होता. तोवर बाईंनी एक व्हिडिओ लावला. नऊ-दहा वर्षांची मुलगी कॅमेऱ्याकडे बघून दोन्ही हातांनी कपाळावर शिंगं करत होती, मग एक शिंग मोडलं, आणि खुदकन हसली. "हिच्या म्हशीचं एक शिंग मोडकं आहे," बाई म्हणाल्या. "आईला वाटायचं, पोरगी डोकं दुखतंय म्हणून सांगते. वर्षभर बाम लावत होती बिचारी." हे डाव्या बाजूने हसले. मीही हसले, आणि हसता हसता मघाची तीनची गोळी आठवली.

चार वाजता चन्नवीरभाऊजी लोखंडेंना घेऊन आले. मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून उभी. टेबलावर उघडं झाकण, खोडरबराचा चुरा.

"वहिनी, हे काय? दादाला कशाला त्रास?" भाऊजी म्हणाले. मग लोखंडेंकडे वळून, "बसा की. कागद आणलेत यांनी. दादाचा अंगठा घेऊ आणि मोकळे होऊ. दादाला विचारलंय वहिनींनी."

मी विचारलं नव्हतं.

एकदाही नाही. महिनाभर बोलणी चालली होती, दर वेळी भाऊजी विचारायचे आणि दर वेळी मी 'हरकत नाही' म्हणायची. खोटं बोलते आहे असंही मला वाटलं नव्हतं. बघू म्हणणाऱ्या माणसाला काय विचारायचं? यांच्या वाटचं 'जेवले', यांच्या वाटचं 'बरं आहे', यांच्या वाटचं 'दुकान द्या', सगळं मीच बोलत आले होते. आणि हे रोज माझ्यासमोर बसून ते ऐकत होते.

मी स्टुलावर बसले. रेहानाबाई बसल्या होत्या तशी, यांच्या समोर.

"अहो," मी म्हणाले, "दुकान द्यायचं का?"

भाऊजी काहीतरी बोलायला गेले. मी हात वर केला. यांचे डोळे भरून आले होते. मी थांबले. मग डावा हात उचलला गेला आणि टेबलावरून आडवा फिरला, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"भाऊजी, यांची हरकत आहे," मी म्हणाले. "माझी चूक झाली. आज विचारलं मी त्यांना."

भाऊजी चांगला माणूस. रागावले नाहीत. भावाकडे बघत उभे राहिले. "पण वहिनी, चालवणार कोण?" एवढंच म्हणाले.

"ते आम्ही दोघं ठरवू," मी म्हणाले. लोखंडेंची माफी मागितली. ते म्हणाले, असू द्या, आजारी माणसाचं मन मोडू नये. त्यांना कसं सांगू, मन आजारी नव्हतंच.

याला आता नऊ वर्षं झाली. दुकान आम्ही दोघं चालवतो. यांनी दाखवायचं, मी करायचं, असं दोन वर्षं चाललं. आता पुष्कळसं मला येतं. अडलं की खुर्चीकडे बघते. यांचे काही शब्द परत आले, सगळे नाहीत. पण मला जी आठवण सांगायची आहे ती दुसऱ्या दिवसाची.

रेहानाबाईंनी मेळाव्याला आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. आम्ही कुणाचे पालक नव्हतो, म्हणून मी मागच्या रांगेत बसायला निघाले. बाईंनी हाताला धरून पुढं आणलं. धोतरातली माणसं, लुगड्यातल्या बाया, कडेवर पोरं. पडदा लावला, व्हिडिओ सुरू झाले. एकेक मूल येऊन खूण करून दाखवायचं आणि सतरंजीवर बसलेली ती सगळी माणसं लाजत, चुकत, हात उचलून तशीच खूण करायची. माझ्याही नकळत माझे हात चालू झाले. हे डाव्या हाताने करत होते.

अकराच्या सुमारास मला चक्कर आल्यासारखं झालं. पहाटे उठून यांची अंघोळ, औषधं, नाश्ता, रिक्षा. त्यात माझं खाणं राहून गेलं होतं. ते काही नवीन नव्हतं. मी भिंतीला टेकले.

यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी वळले. यांना काहीतरी हवं असेल म्हणून माझा हात पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीकडे गेला. यांनी हात आडवा फिरवला. मग पाचही बोटं जुळवली, आपल्या नव्हे, माझ्या तोंडाजवळ आणली आणि भुवया वर केल्या. पडद्यावरच्या पोरीने नुकतीच दाखवली होती ती खूण.

जेवलीस का?

पूर्वी दुकानातून घरी आल्यावर हे विचारायचे, चप्पल काढता काढता. मी स्वयंपाकघरातूनच 'हो' म्हणायची, जेवले असले-नसले तरी. आज हे विचारून थांबले होते. हात तसाच हवेत, डोळे माझ्यावर.

"नाही," मी म्हणाले. "भूक लागलीय मला."